काकूचा दीड चमचा

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको: अमृतकाका जिवंत आहेत. मी हे लिहितेय आणि ते पलीकडच्या ओट्यावर बसून बशीतून चहा पिताहेत. भुरक्याचा आवाज इथपर्यंत येतोय. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. गेल्या आठवड्यात दोन दिवस मला पक्कं वाटत होतं, की हा माणूस आता मरतो आणि त्याच्या मरणाला कारण मी.

मी रुपा. लोणखेड्याची. नववीची परीक्षा नुकतीच दिलीय. डिसेंबरपर्यंत मी वर्गात हजेरीला "हजर" म्हणायलासुद्धा घाबरायचे, बाजूची मुलगी माझ्याऐवजी म्हणायची. मग तालुक्याच्या प्रकट वाचन स्पर्धेला जाणाऱ्या मुलीला ऐन वेळी गालगुंड झालं आणि बाईंनी मला ढकललं. माझा दुसरा नंबर आला. तेव्हापासून माझं तोंड मिटलेलं नाही. बसच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, खताच्या गोणीवरच्या सूचना, सगळं मी आवाजात चढउतार देऊन वाचते. बाबा म्हणतात, "युरिया वाचताना रडू नको गं."

पुस्तक सदफचं. म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचं, मारियाबाजीचं. सदफ शहाद्याला राहते, आम्ही एका बाकावर बसतो. मारियाबाजीच्या पलंगाखाली खून, भुतं आणि पळून जाणाऱ्या बायकांची पुस्तकं गच्च भरलेली आहेत. परीक्षा संपली त्या दिवशी सदफनं त्यातलं एक माझ्या दप्तरात सरकवलं.

"छोटंसं आहे. एकशे बारा पानं. पण एकटी वाचू नकोस."

"का, भीती वाटेल?"

"नाही गं. नवऱ्याची दया येईल."

पुस्तकाचं नाव 'दीड चमचा'. वसुधा नावाची बाई स्वतःच सगळं सांगते. शहरात पाचव्या मजल्यावरचं घर, नवरा-बायको दोघंच. नवरा पाहुण्यांसमोर तिचा पाणउतारा करतो आणि वर हसतो. ती भांडत नाही, रडत नाही. एक दिवस ठरवते, की सूड घ्यायचा, पण असा की शेवटपर्यंत त्याला कळायला नको.

आता असलं पुस्तक मी एकटी वाचणार? ते वाचायची जागा तर तयारच होती.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापड एकटीनं कुणी करत नाही. आज हिचे, उद्या तिचे. जिची पाळी तिनं उडदाचं पीठ भिजवून, कुटून आणायचं आणि सगळ्यांना चहा करायचा. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. लाटायची जागा मात्र आमची पडवी, कारण तिथली फरशी भर दुपारी गार असते. पंखा लावायचा नाही, पापडाच्या कडा उलटतात. हात तेलकट, म्हणून मोबाइलला हात लावायचा नाही. तीन-चार तास नुसतं लाटायचं आणि बोलायचं, आणि बोलणंसुद्धा कधीतरी संपतंच. मी लाटलेला पापड नकाशासारखा होतो. सोमवारी माझा पहिलाच पापड बघून आई म्हणाली, "तू लाटू नको व माय. तू वाच."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, उजेडाकडे तोंड करून. समोर आई, गल्लीतल्या दोघी जणी, शेजारच्या सुनिताकाकू आणि त्यांच्या सासूबाई, दगूआजी. आजीला ऐकू कमी येतं. पिठाच्या वळकटीच्या लाट्या दोऱ्यानं कापायचं काम तिचं. मी दर दहा मिनिटांनी एक लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायचे, ती मला तिथूनच दोरा दाखवायची.

सुनिताकाकूंची एक गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांचे यजमान अमृतकाका माणूस वाईट नाहीत. केळीच्या बागेत राबतात, आजीचे पाय चेपून देतात. पण पाहुणा आला, की काकूंनी दिलेली चहाची बशी उचलून उन्हात धरतात. "दखा पाव्हनं, बशीना तळ दिसस. चहा शे का तापीनं पानी?" आणि उरलेला चहा ओट्याखालच्या कडुनिंबाला ओततात. पाहुणे हसतात. काकू पदर नीट करून आत जातात. वीस वर्षं. त्या कडुनिंबाला आम्ही पोरं चहाचं झाड म्हणतो.

तर मी पहिलं पान काढलं, घसा खाकरला आणि सुरू केलं: "माझ्या नवऱ्याचं नाव अमृत. मी त्याच्यावर..."

सगळी लाटणी एकदम थांबली.

"काय वाचं तू?" आई म्हणाली.

"पुस्तकात तसंच आहे. अमृत."

"माय वं! आनि त्या अमृतलेच मारनार शे का ती?"

"मला काय माहीत? पहिलंच पान आहे!"

काकूंनी लग्नात उखाणा घेतला, त्यानंतर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. रेशन दुकानातसुद्धा त्या कार्ड पुढे करतात, नाव सांगत नाहीत. आणि इथे तर त्याच नावाच्या माणसाचं वाईट होणार, तेही त्याच्या बायकोसमोर आणि आईसमोर. एक जण म्हणाली, बंद कर ते पुस्तक. मी पुस्तक छातीशी धरलं. माझं काय तोंड झालं असेल ते झालं असेल, काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"नाव गाळी दे," त्या म्हणाल्या. "नुसतं 'हे' म्हन. पुढे वाच."

झालं. जिथे जिथे अमृत आला, तिथे मी 'हे' वाचायला लागले. आणि आजीला ऐकू यावं म्हणून प्रत्येक चार ओळींनंतर काकू तेच आपल्या अहिराणीत तिच्या कानाशी सांगायच्या. मी पुस्तकातलं छापील वाचायचे, की "आज मी ह्यांच्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणाले, ह्यांना ते विचित्र वाटलं." मग काकू: "आज मी त्यासले हो ला हो म्हनी दिनं! त्यासले संशय वना!" काकूंच्या तोंडून ते दुप्पट भयंकर वाटायचं. दुसरा नंबर खरं तर त्यांचा यायला हवा होता.

आम्ही एक नियम केला. पुढचं पान मी घरी गुपचूप वाचायचं नाही. वाचलं, तर उरलेले सगळे पापड मी लाटायचे. मी नियम पाळला, विद्येची शपथ. म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

आमची पडवी आणि काकांचा ओटा यांच्यामध्ये फक्त पत्र्याचा आडोसा आहे, खालून वीतभर उघडा. दुपारी काका शेतातून येऊन पलीकडे खिडकीतल्या कूलरसमोर खाट टाकून पडतात. तो कूलर इतका जुना आहे, की चालू झाला की ट्रॅक्टर आल्यासारखं वाटतं. मंगळवारी मला दिसलं, की खाटेचे दोन पाय पत्र्याखालून आमच्या बाजूला डोकावताहेत. कूलर तिकडे घरघरतोय आणि खाट इकडे. मी तेवढ्यापुरतं बघितलं आणि पान उलटलं. त्याच दिवशी काकूंनीही जागा बदलली. सोमवारी त्या आजीच्या डावीकडे होत्या, मंगळवारी उजवीकडे, पत्र्याला पाठ लावून बसल्या. म्हणाल्या, तिकडे ऊन लागतं.

मंगळवारच्या प्रकरणात वसुधा नवऱ्याच्या वस्तू हलवायला लागते. किल्ल्या, पेन, चष्मा. त्यानं शोधलं, की त्याच्या समोरच काढून देते आणि म्हणते, इथेच तर होता, तुम्हाला हल्ली आठवत नाही का?

"मी त्यासना चष्मा लपाडी दिना!" काकू आजीच्या कानात ओरडल्या.

"बेस करं!" आजी म्हणाली.

संध्याकाळी मी पापड गोळा करत होते. पत्र्यापलीकडून काकांचा आवाज आला. "मन्हा चष्मा कोठे शे व?"

माझ्या हातातून पापड पडला. मग म्हटलं, योगायोग.

बुधवारी आलं ते प्रकरण, ज्यावरून पुस्तकाचं नाव पडलंय. वसुधा कुठूनतरी पांढरी पूड आणते. वर्तमानपत्राच्या कागदात तिची पुडी बांधून कमरेला खोचते. चहा उकळतो. ती पुडी काढते. एक चमचा. मग थोडं थांबून अर्धा. मी ते इतकं हळू वाचलं, की कुणी श्वास घेईना.

"मी पुडी काढी," काकू म्हणाल्या, "आनि त्यासना चहामा दीड चमचा टाकी दिना!"

आजीनं दोरा खाली ठेवला आणि विचार करून म्हणाली, "दोन टाकाले पाहिजे व्हतात."

सगळ्या इतक्या हसल्या, की आईच्या लाटण्याखालचा पापड फाटला.

त्या संध्याकाळी मी काकूंची लाट्यांची परात परत द्यायला गेले. काका ओट्यावर होते. काकूंनी चहा आणून ठेवला. काकांनी बशी उचलली नाही, उन्हात धरली नाही, तळ दिसतो म्हणाले नाहीत. कपाकडे नुसतं बघत बसले. काकू आत वळल्यावर उठले, कडुनिंबाला सगळा चहा ओतला आणि रिकामा कप तोंडाला लावून बसून राहिले. काकूंनी बाहेर येऊन कप उचलला आणि हसल्या. पुस्तकात पान साठवर वसुधा अगदी अशीच हसते.

रात्री मला झोप आली नाही. चष्मा, चहा, हसणं. एकेक जुळायला लागलं. आणि हे सगळं काकूंच्या डोक्यात घातलं कुणी? मी. चढउतार देऊन.

गुरुवारी तर उरलंसुरलं झालं. काकू वाकून पोळपाट उचलत होत्या, तेव्हा त्यांच्या कमरेला दिसली. पुडी. वर्तमानपत्राच्या कागदाची.

मी वाचत होते आणि ओळी हलत होत्या. पुस्तकातला नवरा आजारी पडला होता. आजी मधेच म्हणाली, "मन्हा पोरगा बी दोन दिनपशी जेवस नही." मी पान नव्वदवर पुस्तक मिटलं.

"घसा बसला," मी म्हटलं.

"अय, अशी कशी बंद करी ऱ्हायनी!" सगळ्या ओरडल्या.

काकू माझ्याजवळ आल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पुढे काय करस ती, तितलं तरी सांगी दे व रुपा. माले लागस."

मी नुसती मान हलवली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आईला सांगावं, तर आई तिथल्या तिथे काकूंना विचारणार. आणि समजा मी चुकीची असेन, तर ज्या बाईचा वीस वर्षं भर ओट्यावर अपमान झाला, तिच्यावर मी खुनाचा आळ घेणार. आणि समजा मी बरोबर असेन, तर? दोन्हीकडून माझीच मान अडकलेली.

शुक्रवारी गल्लीतल्या सगळ्या एका लग्नाला गेल्या, त्यामुळे पापडांना सुट्टी होती. मी पुस्तक पिशवीत टाकलं, रिक्षात बसले आणि शहाद्याला सदफकडे गेले. तिच्या अब्बांचं, जावेदचाचांचं, शिलाईचं दुकान बस स्टँडच्या मागे आहे. सदफ बाहेर पायरीवर काजं करत बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ती सुई तशीच हवेत धरून ऐकत होती.

"म्हणजे तू साथीदार झालीस," ती शेवटी म्हणाली.

"सदफ!"

"मी पण. पुस्तक माझं. आणि मारियाबाजी मुख्य सूत्रधार."

"मस्करी नको गं. शेवटी काय होतं सांग. तो मरतो का?"

"सांगू?" तिचे डोळे चमकले. मग ती एकदम थांबली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागली. "रुपा, तुझे ते काका बारीक, पांढरी टोपी?"

"हो."

"मग तुझा मयत तिकडे भजी खातोय."

मी वळले. स्टँडच्या भिंतीला लागून चहाची गाडी आहे, तिथल्या बाकावर अमृतकाका बसले होते. पुढ्यात भज्यांचा कागद, त्याच्या शेजारी दुसरा, चाटून पुसून साफ झालेला. एका हातात चहा. बाकावर दोन रिकामे ग्लास. दोन दिवस न जेवलेला माणूस जेवावा तसे ते जेवत होते.

मी जाऊन समोर उभी राहिले. ते इतके दचकले, की चहा सदऱ्यावर सांडला.

"तू? आठे? घरनं कोनी धाडं का तुले?"

"नाही काका. तुम्ही घरी जेवत का नाही?"

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मला बाकावर बसवलं. सदफ न बोलावताच बसली.

"रुपा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तू त्या बायासमा ऱ्हास. खरं सांग. तुन्ही काकूजवळ... एखादी पुडी-बिडी देखी का तू?"

मला वाटलं संपलं. माझा बांध फुटला. भर स्टँडवर मी भोकाड पसरलं. "काका, चूक माझी आहे! मी वाचून दाखवलं, म्हणून काकूंच्या डोक्यात आलं! चष्मा, पुडी, दीड चमचा, सगळं मीच वाचलं!"

"काय वाचं?"

"पुस्तक!"

"कसानं पुस्तक?" काका गोंधळले. "मी तर मन्हा कानघाई ऐकं. पत्राना मांगे व्हतू मी. तुन्ही काकू म्हनी ऱ्हायनी, मी त्यासना चष्मा लपाडी दिना. मी त्यासना चहामा दीड चमचा टाका. आनि मन्ही माय, मन्ही सख्खी माय," त्यांचा आवाज कापला, "ती म्हनस दोन टाक!"

मी रडता रडता थांबले. सदफनं माझ्याकडे बघितलं, मी सदफकडे.

"आणि माझा आवाज? मी वाचत होते तो?"

"तुन्हा गुनगुन आवाज येस. कूलरनी घरघर शे ना. माले वाटनं तू अभ्यास करी ऱ्हायनी."

परीक्षा संपल्यावर अभ्यास! पण ते राहू दे. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, परत जवळ आणलं.

"चष्मा कुठे आहे काका?"

"पंपना थैलामा सापडना आज," ते ओशाळून म्हणाले. "फवारानी करताना मीच ठेयेल व्हता. तो बी तठेच ऱ्हायना."

म्हणजे तो चष्मासुद्धा कुणी लपवला नव्हता. मग सदफनं पुस्तक घेतलं आणि पहिलं वाक्य वाचलं. "माझ्या नवऱ्याचं नाव अमृत."

काकांचा चेहरा! "हाई तं मन्हं नाव शे!"

मग मी सांगितलं सगळं. नाव घ्यायचं नाही म्हणून मी 'हे' वाचायचे. आजीला ऐकू येत नाही म्हणून काकू परत सांगायच्या. नाव घेतलं असतं, तर पुढे आडनाव आलं असतं, काकांना कळलं असतं की हा कुणी दुसराच. नाव गाळलं आणि नेमके काकाच त्यात जाऊन बसले.

"म्हणजे तुम्ही मेलेले नाही काका," सदफ म्हणाली. "पान नव्वदवर फक्त आजारी आहात."

काका हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग टोपी काढून. भजीवाला बघायला लागला. मलाही हसू फुटलं, नाक वाहत होतं आणि मी हसत होते. खांद्यावरून केळीचा अख्खा घड उतरवून ठेवल्यासारखं वाटलं. काकांनी आम्हा दोघींना एक एक कागद भजी घेऊन दिली.

"आनि ती पुडी?" त्यांनी मधेच विचारलं. हसणं अजून तोंडावरच होतं, पण जरा पातळ झालं होतं.

"बघते मी," मी म्हटलं. आता मला कशाचीच भीती नव्हती.

निघताना ते म्हणाले, "रुपा, एक काम कर. मी भ्यायनू, हाई तुन्ही काकूले सांगू नको."

शनिवारी पाळी काकूंची. मी सकाळी सहालाच त्यांच्याकडे पीठ कुटायला गेले आणि सरळ विचारलं, "काकू, कमरेला ती पुडी कसली गं?"

"पापडखार," त्या म्हणाल्या, पुडी काढली आणि चिमटीनं मोजून परातीत टाकायला लागल्या. "मांगना साल कोनी तरी जास्त टाकी दिना, तळना का सर्वा पापड लाल. म्हनीसन औंदा मी मन्हाजवळच ठेवा." मी तिथेच ओट्यावर बसून घेतलं.

दुपारी मी शेवटची बावीस पानं काढली. तेवढ्यात पत्र्याआड न बसता सरळ दारातून, चपला काढून अमृतकाका पडवीत आले. बायकांनी पदर सावरले. ते कोपऱ्यात पाट घेऊन बसले आणि म्हणाले, "मी बी ऐकस." आईनं माझ्याकडे असं बघितलं, की हे काय नवीन?

मी वाचलं. नवरा घाबरून घाबरून अर्धा झालेला असतो. एक दिवस तो आपणहून बॅग भरतो आणि घर सोडून जातो. दार बंद होतं. वसुधा स्वतःसाठी चहा ठेवते, पुडी काढते आणि आपल्या कपात दीड चमचा टाकते. पिठीसाखर. पहिल्या दिवसापासून ती नुसती पिठीसाखर होती.

मग एक जण म्हणाली, "बिचारा व."

"कसाना बिचारा!" आई म्हणाली.

पाळी काकूंची, म्हणून चहाही त्यांचाच. कप फिरले. शेवटचा काकांसमोर आला. सगळ्यांची लाटणी पुन्हा थांबली, कारण बशी आता उन्हात जाणार हे पाठ होतं. काकांनी चहा बशीत ओतला. प्यायले. परत ओतला. तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही.

"कसा शे?" आजीनं विचारलं.

"बेस शे," काका म्हणाले. मग काकूंकडे न बघता कप पुढे केला. "आनखी अर्धा दे."

काकू चहा आणायला उठल्या त्या जरा जास्तच वेळ आत राहिल्या.

संध्याकाळी मी आणि काकू अंगणातल्या खाटेवरचे पापड उचलत होतो. काकू स्वतःशीच हसल्यासारख्या हसल्या. "ती वसुधा इतली शिकेल शे, तरी तिले एकशे बारा पानं लागनात."

"म्हणजे?"

"भर उन्हामा कूलर सोडीसन पत्राले खाट कोन लावस व रुपा?"

माझा हात पापडावर तसाच राहिला.

"सोमवारे मी सासूबाईना डावी बाजूले बठेल व्हती. डावा कानघाई तिले हळू बोललं तरी ऐकू येस. मंगळवारे मी उजवीले जाई बठनी. तठून वरडनं पडस."

"काकू!!" मी ओरडले. "तुला माहीत होतं? सगळं?"

"पुडीनं नही. ती खरीच खारनी. तितलं मी नही करं," त्या घाईनं म्हणाल्या. "चष्मानं बी नही. तो त्यासनी त्यासनाच हरपाडा." मग त्यांचं हसू उतरलं. "पन ते जेवेतच नही ना. बुधवार, गुरुवार. माले वाटनं गंमत व्हई एक दिननी. मंग कशी थांबाडू, हाई सुचे ना. म्हनीसन तुले इचारं, पुढे काय करस ती."

तर गुरुवारचा तो हळू आवाज खुनाचा नव्हता. काळजीचा होता. मी काकूंना तेलकट हातांनी मिठीच मारली. एक पापड मोडला, त्या ओरडल्यासुद्धा नाहीत.

"आनि हाई देख," त्या म्हणाल्या, "माले मालूम व्हतं, हाई त्यासले सांगू नको."

आता बघा माझी अवस्था. काका म्हणतात काकूंना सांगू नको, काकू म्हणतात काकांना सांगू नको, आणि दगूआजीनं काल लाटी चोरताना मला पकडलं आणि हळूच म्हणाली, "माले दोन्ही कानघाई ऐकू वनं. कोनले सांगू नको." एवढं सगळं पोटात ठेवायचं आणि तेही मी! म्हणून वहीत लिहून काढलं. वही मारियाबाजीच्या पलंगाखाली ठेवायला सदफ तयार आहे.

काल दुसरं पुस्तक आणलं. उद्यापासून कुरडया आहेत. मी उंबऱ्यावर बसून नुसतं मुखपृष्ठ बघत होते, तर पत्र्यापलीकडून चहाचा भुरका थांबला.

"रुपा," काका म्हणाले, "त्या पुस्तकमा नवरानं नाव काय शे, ते पहिले सांग."